कोणतं सफरचंद कशासाठी?

रसाला पायरी नाहीतर हापूस, लोणच्याला राजापुरी, चोखून खायला रायवळ. आंब्याची ही वाटणी मराठी घरात कुणाला शिकवावी लागत नाही. सफरचंद घेताना मात्र तेच गिऱ्हाईक जास्तीत जास्त मुलखाचं नाव विचारतं: सिमला की काश्मीर? गाडीवाला म्हणतो, 'वॉशिंग्टन आहे, घ्या, गोड आहे.' मग त्यातली लालबुंद, चकचकीत फळं वेचून पिशवीत टाकली जातात. घरी आल्यावर एखादं पिठूळ निघतं, केकमध्ये घातलं तर लगदा होतो, मुरांब्यात घातलं तर नुसता गोडमिट्ट पाक हाती येतो. दोष फळाला दिला जातो किंवा करणाऱ्या हाताला. खरी चूक बहुतेक वेळा त्याआधीच, टोपलीसमोर उभं असताना झालेली असते. सफरचंदाची जात न विचारणं आणि तांबड्या रंगावर भरवसा ठेवणं, या दोन सवयी सुटल्या तर याच बाजारातून कितीतरी चांगलं फळ घरी येऊ शकतं.

सफरचंदाच्या जाती हजारो आहेत आणि त्याचं कारण त्याच्या बीमध्ये आहे. या झाडाला फळ धरायला सहसा दुसऱ्या जातीचे परागकण लागतात. त्यामुळे एकाच फळातल्या पाच बिया लावल्या तर पाच वेगळी झाडं उगवतात आणि त्यांतलं एकही हुबेहूब आईसारखं नसतं. बहुतेकांची फळं आंबट किंवा तुरट निघतात. क्वचित एखादं झाड अलौकिक निघतं, आणि मग त्याचे डोळे किंवा काड्या घेऊन कलमं बांधावी लागतात, दुसरा मार्ग नाही. मध्य आशियातल्या तिएनशान पर्वतराजीत, आजच्या कझाकस्तानात, सफरचंदाचे रानटी पूर्वज आजही जंगलात उभे आहेत. तिथून निघालेलं हे फळ जिथे जिथे गेलं, तिथे बियांतून नवनवी झाडं उगवली आणि माणसांनी त्यांतली आपल्या जिभेला आवडलेली ठेवली. म्हणजे आपण ज्याला जात म्हणतो ते मुळात एक झाड असतं, आणि जगभरातली त्या जातीची सगळी झाडं ही त्या एकाच झाडाची कलमं.

भारतातल्या बाजाराला ज्यानं व्यापलं ते झाड अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, पेरू नावाच्या गावाजवळ उगवलं. जेसी हायट नावाच्या शेतकऱ्याच्या बागेत, 1870 च्या सुमारास, ओळीबाहेर एक रोप आलं. त्यानं ते छाटून टाकलं. ते पुन्हा फुटलं. पुन्हा छाटलं, पुन्हा फुटलं. शेवटी त्यानं ते राहू दिलं. त्याला जी फळं लागली ती पिवळसर अंगावर तांबड्या रेघांची, सुवासिक आणि गोड होती. हायटनं जातीचं नाव 'हॉकआय' ठेवलं. 1893 मध्ये मिझुरी राज्यातल्या स्टार्क बंधूंच्या रोपवाटिकेनं भरवलेल्या स्पर्धेत या फळानं बाजी मारली. स्टार्क बंधूंनी त्याचे हक्क विकत घेतले आणि त्याला 'डेलिशस' या नावानं विकायला काढलं. पुढे 1914 मध्ये त्याच रोपवाटिकेनं वेस्ट व्हर्जिनियातल्या क्ले परगण्यातलं पिवळ्या फळांचं एक झाड पाच हजार डॉलर मोजून घेतलं आणि चोरी होऊ नये म्हणून त्याभोवती पिंजरा उभारला. ते 'गोल्डन डेलिशस'. नावं जवळची असली तरी या दोन झाडांचं एकमेकांशी नातं नाही.

ही कथा भारतात येते ती सॅम्युएल इव्हान्स स्टोक्स यांच्यामुळे. फिलाडेल्फियाच्या सधन घरातला हा तरुण 1904 मध्ये कुष्ठरोग्यांच्या सेवेसाठी हिमालयात आला आणि कोटगढ भागात कायमचा राहिला. पुढे तो स्वातंत्र्य चळवळीत पडला, असहकाराच्या काळात तुरुंगात गेला आणि हिंदू धर्म स्वीकारून सत्यानंद झाला. स्टोक्स येण्याआधी कुलू आणि सिमल्याच्या आसपास इंग्रजांनी सफरचंदाच्या बागा केल्या होत्या, पण त्यांत मुख्यतः इंग्लंडच्या आवडीच्या आंबटसर जाती होत्या. भारतीय गिऱ्हाइकाला त्या रुचल्या नाहीत. स्टोक्स यांनी स्टार्क बंधूंकडून डेलिशसची रोपं मागवून 1916 मध्ये आपल्या जमिनीत लावली, शेजारच्या शेतकऱ्यांना कलमं दिली, आणि डोंगरउतारावर गरिबीनं गांजलेल्या त्या मुलखाचं अर्थकारण एका पिढीत बदललं. आज मुंबई-पुण्यात 'सिमला' म्हणून जे विकलं जातं ते बहुतांशी या डेलिशसच्याच वंशातलं, मंडीतल्या भाषेत 'रॉयल'. काश्मीरमधूनही मोठ्या प्रमाणावर येतं ते डेलिशसच. दोन मुलखांची, दोन दरांची फळं आपण समोरासमोर ठेवून तुलना करतो, पण पुष्कळदा जात एकच असते. फरक उंचीचा, हवामानाचा आणि तोडणीच्या वेळेचा असतो.

अमेरिकेत मात्र याच जातीची शोकांतिका झाली. डेलिशसच्या झाडांवर अधूनमधून एखादी फांदी अशी निघे की तिची फळं इतरांपेक्षा लवकर आणि जास्त लाल होत. रोपवाटिका अशा फांद्यांचे डोळे घेऊन नव्या उपजाती काढत गेल्या. दुकानातलं गिऱ्हाईक लालीला भुलत होतं, म्हणून बागायतदार अधिकाधिक लाल उपजाती लावत होते. लाली आधी आणि गोडी मागून यायला लागल्यावर फळं कच्ची असतानाच उतरवता येऊ लागली. साल जाड झाली, वास गेला, गर पिठूळ झाला. पन्नासहून अधिक वर्षं अमेरिकेत सर्वाधिक पिकणारी ही जात 2018 मध्ये 'गाला' या जातीच्या मागे पडेल, असा अंदाज तिथल्या सफरचंद उत्पादकांच्या संघटनेनं जाहीर केला. एका उत्तम फळाचं हे वाटोळं गिऱ्हाइकाच्या डोळ्यांनी केलं, आणि म्हणूनच भारतातल्या खरेदीदारानं ही हकिगत लक्षात ठेवण्याजोगी आहे. हिमाचलातही दाट लाल रंगाच्या उपजातींना भाव जास्त मिळतो.

रंग बघायचाच असेल तर लालीच्या मागचा बघावा. देठाच्या खळग्यापाशी किंवा सावलीतल्या बाजूला जो मूळ रंग दिसतो, तो गडद हिरवा असेल तर फळ कच्चं तोडलेलं आहे. तो फिकट, पिवळसर झाला असेल तर गोडी भरली आहे. आकाराच्या मानानं फळ जड लागलं पाहिजे आणि अंगठ्यानं हलकेच दाबल्यावर दबता कामा नये. फार मोठं फळही घेऊ नये. एकाच जातीत राक्षसी आकाराची फळं मध्यम फळांपेक्षा लवकर मऊ पडतात. परदेशी सफरचंदावर चिकटवलेली चार आकडी खूण तर सरळ जातच सांगते: 4017 म्हणजे मोठ्या आकाराचं ग्रॅनी स्मिथ, 4131 म्हणजे मोठं फुजी, 4020 म्हणजे गोल्डन डेलिशस. त्याआधी 9 लागून पाच आकडे झाले असतील तर ते सेंद्रिय म्हणून विकलेलं. मेणाची धास्ती पुष्कळांना असते. सफरचंदाच्या सालीवर निसर्गतःच मेणाचा पातळ थर असतो, पाणी उडून जाऊ नये म्हणून. धुताना तो निघतो, त्यामुळे काही ठिकाणी खाण्यायोग्य मेणाचा थर पुन्हा दिला जातो आणि भारतातल्या नियमांत मधमाश्यांच्या मेणासारख्या ठराविक मेणांना लेबलवर नोंद करून परवानगी आहे. कोमट पाण्यात चोळून धुतलं की पुरे.

आता नुसतं खायचं सफरचंद. इथे पोत सगळ्यात महत्त्वाचा, चव त्यानंतर. सफरचंदाच्या आकारमानाचा जवळपास चौथा हिस्सा हवेचा असतो, म्हणून ते पाण्यावर तरंगतं. गराच्या पेशी एकमेकींना पेक्टिननं चिकटलेल्या असतात. ताज्या फळात ही चिकटण इतकी मजबूत असते की दात रुतल्यावर पेशी मधोमध फुटतात आणि त्यांतला रस तोंडात उडतो. तो कडक आवाज त्याचाच. फळ जुनं झालं की पेक्टिन विरतं, पेशी न फुटता एकमेकींपासून सुट्या होतात. रस आतच अडकून राहतो आणि जिभेला लागतो नुसता कोरडा रवा. म्हणजे पिठूळ सफरचंद वाळलेलं नसतं, रस त्यात जवळपास तितकाच असतो, तो फक्त मिळत नाही.

काही जाती या बाबतीत जन्मजात बळकट आहेत. जपानच्या आओमोरी प्रांतातल्या फुजिसाकी इथं रेड डेलिशस (म्हणजे वर सांगितलेलं लाल डेलिशस) आणि 'रॉल्स जेनेट' यांच्या संकरातून तयार झालेलं आणि 1962 मध्ये नाव मिळालेलं फुजी त्यांत पहिलं. घट्ट, रसाळ, भरपूर गोड आणि महिनोन्महिने टिकणारं. ज्यांना आंबटपणा अजिबात नको त्यांनी डोळे झाकून हे घ्यावं. न्यूझीलंडमध्ये 1930 च्या दशकात जन्मलेलं गाला आकारानं लहान, सालीनं पातळ, चवीनं सौम्य. शाळेच्या डब्यासाठी आणि लहान मुलांच्या हातासाठी याच्यासारखं दुसरं नाही, पण ते फुजीइतकं टिकत नाही. गोड-आंबट दोन्ही जोरकस हवं असेल तर पश्चिम ऑस्ट्रेलियात 1973 मध्ये केलेल्या संकरातून आलेलं 'पिंक लेडी' शोधावं. आणि आपलं रॉयल? ऑगस्ट-सप्टेंबरात, झाडावरून उतरल्यावर थोड्याच दिवसांत खाल्लेलं उंचावरच्या बागेतलं रॉयल या सगळ्यांच्या पंक्तीला बसतं. तेच मार्चमध्ये गाडीवर उन्हात ठेवलेलं घेतलं तर निराशाच पदरी येईल.

शिजवण्याचं सफरचंद हा वेगळाच प्रांत आहे आणि तो समजून घ्यायला इंग्लंडला जावं लागतं, कारण स्वयंपाकाची सफरचंदं आणि खायची सफरचंदं अशी रोखठोक विभागणी तिथे झाली. नॉटिंगहॅमशायरमधल्या साउथवेल गावात मेरी ॲन ब्रेल्सफर्ड नावाच्या मुलीनं 1809 मध्ये काही बिया पेरल्या. त्यातल्या एका झाडाला मोठी, हिरवी, दात आंबवणारी फळं लागली. पुढे ते घर मॅथ्यू ब्रॅम्ली या खाटकानं घेतलं. 1856 मध्ये हेन्री मेरिवेदर नावाच्या पोरसवदा रोपवाटिकावाल्यानं त्याच्याकडे कलमासाठी काड्या मागितल्या. ब्रॅम्लीनं दिल्या, अट एकच: फळाला आपलं नाव लागलं पाहिजे. मेरी ॲनचं नाव त्यात मागे राहिलं ते राहिलंच. कच्चं ब्रॅम्ली खाववत नाही, कारण त्यात मॅलिक आम्ल भरपूर आणि त्या मानानं साखर कमी. पण थोड्या पाण्यात पाच-सात मिनिटं शिजवलं की त्याचा फुगीर, मऊसूत, जोरकस चवीचा गर होतो. खाण्याची गोड सफरचंदं शिजल्यावर चवीला सपक होतात. ब्रॅम्लीमध्ये आम्ल इतकं असतं की साखर घातल्यावरही सफरचंदाची चव उठून दिसते. शिजवण्याच्या सफरचंदाचं सगळं मर्म इथेच आहे.

फ्रान्सनं मात्र उलटी वाट धरली. लामोत-ब्युव्हरों गावात तातां भगिनींच्या हॉटेलनं प्रसिद्ध केलेला तार्त तातां घ्या. लोणी-साखरेच्या पाकात मोठमोठ्या फोडी बराच वेळ रटरटतात, वरून पोळी घालून भाजतात आणि उलटून वाढतात. तिथे ब्रॅम्ली घातलं तर ताटात जॅम उतरेल. त्या पदार्थाला उष्णतेतही आकार न सोडणारी फोड लागते, म्हणून फ्रेंच घट्ट गराच्या गोड-आंबट जाती वापरतात. म्हणजे शिजवण्यासाठी सफरचंद निवडताना पहिला प्रश्न आंबट की गोड हा नसून फोड टिकायला हवी की विरायला हवी, हा आहे.

महाराष्ट्रात ब्रॅम्ली मिळत नाही. मिळतं ते ग्रॅनी स्मिथ, आणि ते पुष्कळ काम भागवतं. मारिया ॲन स्मिथ या आजीबाईंच्या बागेत, आज सिडनी शहराचा भाग असलेल्या ईस्टवुडमध्ये, 1868 च्या सुमारास हे झाड आपोआप उगवलं. हिरवं, कडक, भरपूर आंबट. 'पाय' किंवा 'क्रंबल' असे भट्टीत भाजायचे पदार्थ करताना त्याची फोड बऱ्यापैकी आकार धरते आणि साखर पेलते. पण एकट्या ग्रॅनी स्मिथला सुगंध कमी. म्हणून अर्धं ग्रॅनी स्मिथ आणि अर्धं गोल्डन, ही जोडी सगळ्यात भरवशाची.

गोल्डनबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण आपल्या बाजारात त्याच्यावर अन्याय होतो. हिमाचलाच्या बागांमध्ये रॉयलच्या रांगांत गोल्डनची झाडं मुद्दाम लावलेली असतात, रॉयलला पराग मिळावेत म्हणून. त्यामुळे फळ मुबलक येतं, पण पिवळं असल्यानं त्याला भाव कमी. साल पातळ असल्यानं ते लवकर सुरकुततं, म्हणून गिऱ्हाईक आणखीनच नाक मुरडतं. स्वयंपाकघरासाठी मात्र भारतीय सफरचंदांत त्याला तोड नाही. शिजल्यावर मधासारखी गोडी येते, फोड अर्धवट टिकते, साल काढली नाही तरी खटकत नाही. सफरचंदाचा शिरा किंवा हलवा रॉयलचा करून बघावा आणि मग गोल्डनचा. पुन्हा कुणी रॉयल किसणार नाही. रॉयलची साल शिजल्यावर कडवट चामट लागते आणि गर चव सोडून देतो.

खिरीला तर गोल्डनच हवं. आंबट जातीचा कीस गरम दुधात पडला की दूध फाटतं. गोल्डनचा कीस तुपावर परतून, पाणी आटवून, दूध आणि कीस दोन्ही निवल्यावर एकत्र केले तर ती भीती राहत नाही. मुरांबा, जेली आणि चटणीचं गणित उलटं: तिथे आम्ल आणि पेक्टिन दोन्ही हवं, म्हणून आंबट आणि किंचित कच्चं फळ घ्यावं. पिकत जाताना पेक्टिन तुटत जातं, त्यामुळे पिकलेल्या गोड सफरचंदाची जेली धरत नाही. कोशिंबिरीला ग्रॅनी स्मिथचे बारीक तुकडे दह्यात घालावेत. आम्लामुळे ते काळेही उशिरा पडतात. इतर जातींच्या फोडी चिरल्यावर तपकिरी होतात, कारण पेशी फुटून त्यांतलं एक विकर हवेतल्या प्राणवायूच्या संपर्कात येतं. लिंबाचा रस किंवा मिठाचं पातळ पाणी ते रोखतं.

भाजलेल्या पदार्थात हमखास होणारी फजिती म्हणजे वरची पोळी फुगलेली आणि आत सफरचंद बसून पाणी झालेलं. त्यावर एक सोपा उपाय आहे. फोडींवर उकळतं पाणी ओतून दहा मिनिटं झाकून ठेवायच्या आणि मग निथळून वापरायच्या. साधारण साठ ते सत्तर अंश तापमानाला फळातलंच एक विकर पेक्टिनमध्ये असा बदल करतं की कॅल्शियम त्याला घट्ट बांधून धरतं, आणि पुढे भट्टीत फोड ढासळत नाही. फुजीसारख्या खायच्या जातीही या युक्तीनं पायमध्ये चालतात, फक्त लिंबू सढळ हातानं पिळावं लागतं.

जातीइतकाच महिना महत्त्वाचा. हिमाचलाचं फळ जुलैपासून सुरू होतं, गणपतीत भरात येतं. काश्मीरचं मुख्य पीक सप्टेंबर-ऑक्टोबरात उतरतं. नंतरचं फळ शीतगृहातलं. आधुनिक कोठारांत थंडीबरोबर हवेतला प्राणवायूही दोन-तीन टक्क्यांपर्यंत खाली आणतात, म्हणजे फळाचा श्वास मंदावतो. तरी तो थांबत नाही, आणि श्वासाबरोबर पहिलं खर्च होतं ते आम्ल. त्यामुळे ऑक्टोबरात गोड-आंबट लागणारं सफरचंद एप्रिलमध्ये नुसतं गोड लागतं. उन्हाळ्यात ताजं फळ हवं असेल तर दक्षिण गोलार्धाकडे बघावं. न्यूझीलंड, चिली, दक्षिण आफ्रिकेत तोडणीच फेब्रुवारी ते मेमध्ये होते, त्यामुळे मे-जूनमधलं तिकडचं गाला आपल्या कोठारातल्या रॉयलपेक्षा तरुण असतं. घरी आणलेलं कोणतंही सफरचंद फळांच्या टोपलीत शोभेला न ठेवता फ्रीजमध्येच ठेवावं, पालेभाज्यांपासून दूर, कारण त्यातून निघणारा इथिलीन वायू पालेभाज्या पिवळ्या पाडतो.

काश्मीरकडे मात्र डेलिशसपलीकडची दोन सफरचंदं आहेत आणि ती मागितल्याशिवाय मिळत नाहीत. एक 'महाराजी': मोठं, उशिरा येणारं, आंबट आणि टिकाऊ. खायला घेणाऱ्याला ते आवडत नाही, पण चटणीला आणि भाजण्याला उत्तम. काश्मिरी घरांत आंबट सफरचंद आणि वांगं एकत्र तळून, बडीशेप आणि सुंठीच्या मसाल्यात शिजवतात. 'चूंठ वांगुन' हा तो पदार्थ. वांग्याची मऊ गोडी आणि सफरचंदाचा आंबटपणा एकमेकांना इतके पूरक आहेत की भरल्या वांग्यात चिंच घालणाऱ्या मराठी जिभेला ते लगेच ओळखीचं वाटेल. दुसरं 'अंबरी', खुद्द काश्मीरचं जुनं फळ. लांबट, तांबड्या पट्ट्यांचं, खोलीभर दरवळणारं, आणि कोठाराची सोय नव्हती त्या काळातही हिवाळाभर टिकणारं. लवकर आणि भरघोस पिकणाऱ्या डेलिशसपुढे त्याच्या बागा मागे पडल्या. तिथल्या शास्त्रज्ञांनी रेड डेलिशसशी त्याचा संकर करून 'लाल अंबरी' आणि गोल्डनशी करून 'सुनहरी' या जाती काढल्या, पण अस्सल अंबरी आता थोड्याच बागांत उरलं आहे. दिवाळीच्या आगेमागे काश्मीरचा माल आणणाऱ्या घाऊक व्यापाऱ्याकडे त्याची चौकशी जरूर करावी. मिळालं तर ते शिजवू नये. साल न काढता, चिरून, तसंच खावं.